तलफ आणि तृष्णा

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत चीन देशांत लिउ लिंग नांवाचा एक विद्वान् पुरुष होऊन गेला. 'वेळूच्या बनांतील सात सुज्ञ' म्हणून जी मंडळी चिनी वाङ्मयांत प्रसिद्ध आहे तिच्यांतील हा एक. लाओत्सु आणि च्वांगत्सु या ताओपंथी आचार्यांच्या विचारांवर ही मंडळी पोसलेली होती; दरबारी शिष्टाचार, मानमरातब आणि अधिकाराची हांव यांचा तिला तिटकारा होता. लिउ लिंगास या तत्त्वज्ञानापेक्षांहि एक वस्तु अधिक प्रिय होती, ती म्हणजे दारू. तो गाडींत बसून फिरावयास निघे तेव्हां बरोबर मद्याचें भांडें असे आणि मागून एक नोकर खांद्यावर फावडें टाकून चाले. जेथें मरण येईल तेथेंच पुरून टाकावें, अशी त्या नोकरास ताकीद होती.

पांचव्या शतकांतील एका चिनी आख्यायिकासंग्रहांत त्याची एक गोष्ट नमूद आहे. एकदां त्यास अतिशय तलफ आली व त्यानें पत्नीजवळ दारू मागितली. तिनें घरांतील होती नव्हती ती दारू ओतून दिली, भांडीं फोडून टाकलीं आणि रडत रडत पतीची विनवणी केली कीं, हें पिणें अति झालें, यानें देह टिकावयाचा नाहीं, आतां तरी हें सोडावें. लिउ लिंगानें तें तत्काळ मान्य केलें. मात्र केवळ स्वतःच्या बळावर आपणांस हें साधणार नाहीं, देवतांपुढें शपथ घेतली तरच साधेल, तेव्हां नैवेद्याची तयारी करावी, असें त्यानें सांगितलें. बिचारीनें मोठ्या आशेनें मांस व मद्य देवतेपुढें मांडलें. लिउ लिंग गुडघे टेकून बसला आणि त्यानें देवतेस असें निवेदन केलें कीं, आपला जन्मच दारूसाठीं झालेला आहे, आपलें नांव झालें तें तिच्यामुळेंच, आणि बायकोच्या बोलण्याकडे देवतेनें मुळींच लक्ष देऊं नये. एवढें बोलून त्यानें समोरचा नैवेद्य स्वतःच फस्त केला आणि थोड्याच वेळांत तो झिंगून आडवा झाला.

ही गोष्ट चिनी रसिक दीड हजार वर्षें हंसत हंसत सांगत आले आहेत. हंसण्यासारखी ती आहेहि. परंतु ज्या घरांत संध्याकाळ झाली कीं मुलें दाराशीं वाजणाऱ्या पावलांचा कानोसा घेतात, त्या घरांतील मनुष्यास ती ऐकून हंसूं येणार नाहीं. ग्रंथकारानें त्या स्त्रीचें नांवसुद्धां दिलेलें नाहीं. फुटलेल्या भांड्यांचे तुकडे तिनेंच गोळा केले असतील, इतकेंच आपण अनुमानानें म्हणूं शकतों. आणि तरीहि त्या लबाडाच्या तोंडून एक सत्य बाहेर पडलें आहे. केवळ स्वतःच्या बळावर हें सुटत नाहीं, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. खोटा होता तो त्या तक्रारीचा त्यानें केलेला उपयोग. उद्यांपासून सोडावयाची म्हणून आज शेवटची, हा मंत्र काय आपल्या गांवांतून ऐकूं येत नाहीं?

व्यसन या शब्दाचा इतिहासच मोठा बोधप्रद आहे. मराठींत आपण दारू, जुगार, अफू यांस व्यसन म्हणतों. परंतु संस्कृतांत त्या शब्दाचा अर्थ संकट, आपत्ति असाहि आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर राज्यावर येणाऱ्या आपत्तींना वाहिलेलें एक संपूर्ण अधिकरणच या शब्दानें ओळखलें जातें. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं त्यास पाप म्हणण्यापूर्वीं आपत्ति म्हटलें. चिनी भाषेंत व्यसनास 'यिन्' म्हणतात. त्या अक्षराची घडण पाहिली तर बाहेरच्या बाजूस रोगाचें चिन्ह आणि आंत 'लपलेलें' या अर्थाचें अक्षर, लपलेला रोग! आणि व्यसन सोडणें यास चिनी लोक जें 'चिए' हें क्रियापद लावतात तेंच अक्षर त्यांच्याकडील बौद्ध ग्रंथांत 'शील' या अर्थीं येतें. पंचशीलांतील शील आणि दारू सोडण्यांतील सोडणें हीं दोन्हीं चिनी मनुष्य एकाच अक्षरानें लिहितो. हा केवळ भाषेचा योगायोग नव्हे, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

लपलेल्या रोगाचा अनुभव चीनइतका क्वचितच दुसऱ्या एखाद्या देशानें घेतला असेल. इ. स. १७२९ मध्यें सम्राट् युंगचेंग यानें अफूच्या विक्रीवर आणि ती ओढण्याच्या अड्ड्यांवर बंदी घातली. परंतु अफू वाढतच गेली. ती येत होती आपल्या देशांतून. बंगाल-बिहारकडील कंपनी सरकारच्या मक्त्याची अफू कलकत्त्याहून आणि माळव्यांतील अफू मुंबई बंदरांतून जहाजावर चढे. मुंबईच्या वैभवाच्या पायांत त्या पेट्यांचा नफाहि गाडलेला आहे, ही गोष्ट शहराचा इतिहास सांगतांना सहसा हलक्या आवाजांत सांगितली जाते. १८३९ च्या जून महिन्यांत लिन त्से-शू या करारी अधिकाऱ्यानें ह्यूमेन येथें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू खड्ड्यांत ओतून, मीठ व चुना घालून नष्ट केली आणि तो राळा समुद्रांत सोडला. तत्पूर्वीं त्यानें समुद्रदेवतेस निवेदन करून आपण तिचें जल विटाळीत असल्याबद्दल क्षमा मागितली होती. पुढचें युद्ध आणि १८४२ चा नानकिंगचा तह सर्वांस ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे तें हें कीं, याच लिननें १८३८ मध्यें सम्राटास पाठविलेल्या निवेदनासोबत अफू सुटण्यासाठीं घ्यावयाच्या औषधांचे पाठहि जोडले होते. पेटी नष्ट केली म्हणजे तलफ नष्ट होत नाहीं, हें त्या कठोर मनुष्यास कळत होतें.

मग तलफ म्हणजे आहे तरी काय? ताओपंथाचें या प्रश्नाकडे पाहण्याचें धोरण थोडें निराळें आहे आणि प्रथमदर्शनीं तें भलत्याच टोकास गेल्यासारखें वाटतें. च्वांगत्सूनें एक दृष्टांत दिला आहे. दारूनें झिंगलेला मनुष्य धांवत्या गाडींतून खालीं पडला तर त्यास लागतें, पण तो मरत नाहीं. त्याचीं हाडें-सांधे इतरांसारखेच. मग हा फरक कां? तर आपण गाडींत बसलों होतों याची त्यास जाणीव नव्हती आणि आपण पडलों याचीहि नाहीं. भीति त्याच्या उरांत शिरलीच नाहीं. येथपर्यंत ऐकून लिउ लिंगासारख्यांनीं मान डोलावली असेल. परंतु दृष्टांत येथें संपत नाहीं. दारूपासून इतकी अभंगता मिळते तर निसर्गाच्या मूळ प्रवाहापासून ती किती अधिक मिळेल, असा त्याचा उत्तरार्ध आहे, आणि खरें मर्म त्यांत आहे.

पिणाराला काय हवें असतें, याचा हा जितका सहृदय विचार आहे तितका पुष्कळ नीतिग्रंथांत आढळत नाहीं. मनुष्य दारूच्या चवीसाठीं पितो हें सुरुवातीस खरें असेल. पुढें तो पितो तो स्वतःचा विसर पडावा म्हणून. दिवसभर 'मी, माझें, माझ्यावर, माझ्यासाठीं' या टोचणीनें शिणलेला जीव घटकाभर ती टोचणी उतरवून ठेवूं पाहतो. त्याची मागणी गैर नाहीं; तो जेथें मागतो ती जागा गैर आहे. उसनें घेतलेलें विस्मरण सकाळीं दामदुपटीनें परत करावें लागतें, आणि दरखेपेस भांडवल कमी होत जातें. लाओत्सूच्या नांवावर असलेल्या एक्याऐंशी लहान प्रकरणांच्या ग्रंथांत इंद्रियांस फार चेतविल्यानें तीं बोथट होतात, हा विचार निरनिराळ्या रूपांनीं आला आहे. आधुनिक वैद्यकानें तोच अनुभव वेगळ्या रीतीनें पडताळून पाहिला. अफू मेंदूंतील ज्या स्थानांवर जाऊन बसते तीं स्थानें हळूहळू तिला कमी दाद देऊं लागतात. कालचा गुंजभर तुकडा आज पुरत नाहीं, आणि अखेर सुखासाठीं नव्हे तर नुसतें माणसासारखें उभें राहतां यावें म्हणून ती घ्यावी लागते.

याच च्वांगत्सूच्या ग्रंथांत कन्फ्यूशियस आणि त्याचा लाडका शिष्य येन ह्वै यांचा एक कल्पित संवाद आहे. गुरु शिष्यास उपवास करावयास सांगतो. शिष्य म्हणतो कीं, आमचें घर गरिबीचें; कित्येक महिन्यांत दारू प्यालों नाहीं कीं मांस खाल्लें नाहीं; हा उपवासच नव्हे काय? गुरु उत्तर देतो कीं, हा पूजेपूर्वींचा उपवास झाला; मनाचा उपवास निराळा. त्या 'मनाच्या उपवासा'चें जें वर्णन पुढें येतें त्याचा आशय असा कीं, मनानें सदोदित कांहीं तरी धरून ठेवण्याची संवय सोडावी, रिकामें व्हावें, आणि मग जें येईल तें ऐकावें.

या छोट्या संवादांत व्यसनमुक्तीच्या मार्गावरील एक फार मोठी अडचण सांगितली गेली आहे. दारू बंद होणें आणि दारूपासून सुटणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. कैद्याची दारू बंद असते; पैसे संपलेल्याची बंद असते; बायकोच्या माहेरची मंडळी घरीं आली असतां चार दिवस बंद असते. परंतु आंतून त्याची बोलणी बाटलीशीं चालूच असतात. कांहीं माणसें दारू सोडून वर्षें झालीं तरी इतकीं कडवट आणि चिडखोर राहतात कीं, घरच्या मंडळींना कोणती स्थिति बरी होती असा प्रश्न पडावा. तोंडाचा उपवास झाला, मनाचा झाला नाहीं. अर्थात् तोंडाच्या उपवासावांचून मनाचा उपवास संभवत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. आणि ताओपंथाचे कांहीं रसिक भक्त येथेंच घसरले, असें म्हणणें भाग आहे. सहज राहावें, ओढूनताणून कांहीं करूं नये, हा उपदेश ज्याची सहजवृत्तिच रोगानें बिघडली आहे त्याच्या हातीं दिला कीं त्याचा लिउ लिंग होतो.

मग बळानें मनास दाबावें काय? चीनमध्यें महापुराची एक फार जुनी कथा आहे. क्वुन नांवाच्या पुरुषाकडे पूर आवरण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्यानें बांध घातले. नऊ वर्षें खपला. पाणी बांध फोडून गेलें. पुढें त्याचा पुत्र यू यानें पाण्याच्या वाटा खोदून मोकळ्या केल्या आणि पूर समुद्रास नेऊन मिळविला. कथा ताओपंथीयांचीच आहे असें नव्हे, ती सर्व चीनची आहे; पण पाण्याचे गुण गाणाऱ्या त्या पंथाच्या वृत्तीस ती तंतोतंत जुळते. यूनें कांहींच केलें नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. त्यानें बापापेक्षां अधिक कष्ट केले, परंतु पाण्याच्या विरुद्ध केले नाहींत.

बौद्ध विचार या ठिकाणीं अधिक खोलांत शिरतो, आणि त्याची भाषा आपणांस अधिक जवळची आहे. तृष्णा म्हणजे तहान. भगवान् बुद्धानें दुःखाचें कारण म्हणून पाप, दैव किंवा ईश्वरी कोप यांचा निर्देश केला नाहीं, तहानेचा केला. तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: विषयसुखाची, अस्तित्वाची आणि विभवाची, म्हणजे नसण्याची, नाहींसें होण्याची. हा तिसरा प्रकार पुष्कळ वाचकांस प्रथम कोड्यासारखा वाटतो. ज्यानें एखाद्या पक्क्या दारुड्यास किंवा अफूबाजास जवळून पाहिलें आहे त्यास तें कोडें वाटणार नाहीं.

प्रतीत्यसमुत्पाद म्हणून जी कारणांची सांखळी बौद्ध ग्रंथांत सांगितली आहे तिच्यांतील चारच दुवे येथें पुरेसे आहेत. इंद्रियांचा विषयाशीं स्पर्श; त्यापासून वेदना, म्हणजे बरी, वाईट किंवा मधली अशी जाणीव; वेदनेपासून तृष्णा; तृष्णेपासून उपादान. उपादान या शब्दाचा अर्थ घट्ट धरणें असा आहे, आणि इंधन असाहि आहे. अग्नि लांकडास धरून राहतो म्हणून लांकूड हें त्याचें उपादान. आणि निर्वाण म्हणजे अग्नि विझणें. ही उपमा नीट मनांत धरावी. आगीला कोणी मारीत नाहीं. तिला घालावयाचें लांकूड थांबतें. आतां या सांखळींत स्पर्श टाळणें मनुष्याच्या हातीं नेहमीं नसतें. रस्त्यानें जातांना दुकान दिसणारच, जुना सोबती भेटणारच, पावसाळी संध्याकाळीं जुनी आठवण येणारच. वेदनाहि त्यापाठोपाठ येणार. परंतु वेदना आणि तृष्णा या दोन दुव्यांमध्यें एक बारीकशी फट आहे, आणि सर्व साधनेचा रोंख त्या फटीवर आहे. छातींत कांहीं तरी ओढल्यासारखें होतें, तोंडास कोरड पडते, हात चाळवतात; हें सर्व 'होत आहे' असें पाहतां आलें तर तें येतें, वाढतें आणि ओसरतें. न पाहतां आलें तर पाय आपोआप गुत्त्याच्या वाटेस लागतात.

मज्झिमनिकायांतील मागंदिय सुत्तांत कुष्ठरोग्याचा दृष्टांत आहे. ज्याच्या अंगावर जखमा चिघळल्या आहेत, किडे पडले आहेत, असा रोगी त्या जखमा नखांनीं खाजवितो आणि निखाऱ्यांच्या खड्ड्यावर शेकतो. त्यास त्यांत आराम वाटतो. वाटतो हें खोटें नाहीं. आणि जों जों शेकावें तों तों जखमा अधिक सडतात हेंहि खोटें नाहीं. तोच मनुष्य वैद्याच्या औषधानें बरा झाला आणि मग दोघां बळकट पुरुषांनीं त्याचे दंड धरून त्यास त्या निखाऱ्यांकडे ओढूं लागलें तर तो अंग चोरील, ओरडेल. निखारे पूर्वीं थंड होते काय? ते पूर्वींहि तितकेच ऊन होते. रोगानें त्याची जाणीव उलटी करून टाकली होती. या दृष्टांताची थोरवी अशी कीं, त्यांत रोग्याची निर्भर्त्सना नाहीं. त्यास मूर्ख म्हटलेलें नाहीं, अधम म्हटलेलें नाहीं. त्याच्या सुखासहि नाकारलेलें नाहीं.

त्याच संग्रहांतील दुसऱ्या एका सुत्तांत नको असलेले विचार कसे दूर करावे याचे पांच उपाय क्रमानें दिले आहेत. पहिला, सुतार जशी बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो तसा चांगला विचार आणून वाईट विचार काढावा. त्यानें न भागलें तर त्या विचाराचे परिणाम डोळ्यांपुढें आणावे. तेंहि न साधलें तर तिकडे लक्षच देऊं नये. चौथा उपाय मोठा मौजेचा आहे: घाईनें चालणाऱ्या मनुष्यास मध्येंच वाटावें कीं आपण इतके धांवतों कशाला, मग त्यानें सावकाश चालावें, मग उभें राहावें, बसावें, आडवें व्हावें, तसा विचाराचा वेग एकेक पायरीनें उतरवावा. आणि हे चारी उपाय थकले तरच पांचवा, दांतावर दांत दाबून, बलवान् मनुष्यानें दुबळ्यास धरावें तसें मनास दाबून टाकावें. दांत-ओठ खाणें हा उपाय बुद्धानें वर्ज्य केला नाहीं, पण त्याचें स्थान शेवटचें ठेवलें. आपल्याकडे व्यसनी मनुष्यास घरचे, दारचे, गुरुजी आणि पुढारी पहिल्या दिवशींच पांचवा उपाय सांगतात, आणि तो फसला म्हणजे त्याच्याच नांवानें बोटें मोडतात.

याचा अर्थ बौद्ध मार्ग मऊ आहे असा मात्र कोणी करूं नये. गृहस्थाच्या पंचशीलांतील पांचवें शील मद्यापासून दूर राहण्याचें आहे आणि त्यांत 'बेतानें प्यावी' अशी पळवाट नाहीं. १९५६ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस नागपूर येथें डॉ. आंबेडकर यांनीं लक्षावधि अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्वतंत्रपणें घातलेली आहे. हजारों लोकांनीं एका मैदानावर, एका स्वरांत ती उच्चारली. एकट्यानें देवघरांत घेतलेली शपथ आणि चारचौघांत, आपल्या लोकांबरोबर घेतलेली प्रतिज्ञा यांत जो फरक आहे तो लिउ लिंगास कळला असता तर बरें झालें असतें. त्याच्या नैवेद्यापुढें दुसरा कोणी साक्षी नव्हता.

प्रतिज्ञेच्या सामर्थ्यावर सर्व उपचार उभारल्याचें एक उदाहरण थायलंडांत आहे. त्या देशांत शतकाहून अधिक काळ अफूचा सरकारी मक्ता होता. १९५९ मध्यें तो बंद करून अफू ओढणें बेकायदा ठरविण्यांत आलें आणि एका रात्रींत असंख्य माणसें गुन्हेगारहि झालीं आणि रोगीहि. बँकॉकच्या उत्तरेस सराबुरी प्रांतांत चुनखडीच्या डोंगराच्या पायथ्याशीं थाम क्राबोक नांवाचा विहार आहे. तो १९५७ च्या सुमारास एका तपस्वी स्त्रीनें आणि तिच्या भाच्यांनीं वसविला. त्यांपैकीं भिक्षु चामरून हे पूर्वाश्रमीं पोलिसांत होते. अफूवर बंदी आली आणि याच विहारानें अफूबाजांस दार उघडलें. पुढें १९७५ मध्यें चामरून यांस या कार्याबद्दल मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

तेथील पद्धति थोडक्यांत अशी. आलेल्या मनुष्यानें प्रथम भिक्षूसमोर 'सच्च' घ्यावयाचें, म्हणजे सत्यवचन द्यावयाचें, कीं यापुढें अमली पदार्थास शिवणार नाहीं. औषध नंतर. पहिले पांच दिवस त्यास रोज वनस्पतींचा एक कडू अर्क पाजतात. वर बादलीभर पाणी प्यावयाचें आणि सर्व ओकून टाकावयाचें. हें एकांतांत होत नाहीं. रोग्यांची रांग गटारापाशीं गुडघ्यांवर बसलेली असते आणि आधीं आलेले रोगी मागें उभे राहून ढोल वाजवितात, गाणीं म्हणतात, उत्तेजन देतात. त्यांच्यापैकीं प्रत्येकजण चार-पांच दिवसांपूर्वीं त्याच रांगेंत बसलेला असतो. मग वनस्पतींच्या वाफेचें स्नान, झाडलोट आणि अंगमेहनत. एक लाखाहून अधिक माणसें तेथून गेलीं असें विहाराकडून सांगण्यांत येतें.

वांतीच्या औषधानें अफूचें विष बाहेर पडतें, ही समजूत वैद्यकास मान्य होण्यासारखी नाहीं. दिवसांपूर्वीं घेतलेली अफू पोटांत राहिलेली नसते. शिवाय प्रत्येक व्यसनाचें शरीर-शास्त्र निराळें असतें. अफूची तलफ अत्यंत यातना देते, तरी धडधाकट मनुष्याचा प्राण सहसा घेत नाहीं. परंतु वर्षानुवर्षें भरपूर दारू पिणाऱ्यानें ती एकाएकीं थांबविली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं मृत्यूहि येतो. तेथें डॉक्टरच हवा. शील घेण्यास विहार आहे म्हणून इस्पितळ नको, असें मानणें हा शीलाचाहि अपमान आहे. पण मग त्या वांतींत कांहींच नाहीं काय? ज्या मनुष्यानें कित्येक वर्षें लपून, खोटें बोलून, पाठ फिरवून अफू ओढली त्यास उजेडांत, सर्वांसमक्ष, गाण्याच्या गजरांत आपली घाण बाहेर टाकावयास मिळते. चिनी अक्षरांतील तें 'लपलेलें' उघड्यावर येतें. औषधाचा गुण कांहीं असो, या गोष्टीचा गुण नाकारतां येणार नाहीं.

थाम क्राबोकचा आणखी एक नियम होता, आणि त्यावर मतभेदास जागा आहे. मनुष्यास तेथें उपचार एकदांच मिळे. सत्य मोडलें तर दार पुन्हा उघडत नसे. या कडकपणांत धार आहे हें खरें. पुन्हा येतां येणार नाहीं हें ठाऊक असलेला मनुष्य वचन हलक्या हातानें देत नाहीं. परंतु व्यसनाचा रोग पुन्हा पुन्हा उलटणारा आहे, हें जगभरच्या वैद्यांचें निरीक्षण आहे. जो घसरला त्याचें पुढें काय? लिउ लिंगाची पत्नी दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास घराबाहेर काढती तर कोणी तिला दोष दिला नसता. पण विहारानें तेंच करावें काय, हा प्रश्न उरतोच.

अलीकडे या प्राचीन दृष्टीचा पडताळा नवीन साधनांनीं घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेंत सिॲटल येथील एका बंदिशाळेंत, आपल्या इगतपुरीच्या केंद्रांतून पसरलेल्या पद्धतीचीं दहा दिवसांचीं विपश्यना शिबिरें भरलीं. ॲलन मार्लट आणि त्यांचे सहकारी यांनीं २००६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत शिबिर केलेल्या कैद्यांचें मद्य व इतर मादक पदार्थांचें सेवन, सुटकेनंतर तीन महिन्यांनीं, शिबिर न केलेल्यांपेक्षां कमी आढळलें. शिबिरास ते स्वेच्छेनें गेले होते, तेव्हां त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढूं नये. तथापि मार्लट यांनीं तलफेस दिलेली उपमा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी आहे, तिच्याशीं झुंजूं नये, तिच्यावर तरंगावें. ती चढते तशी उतरते. यूच्या पाण्याचें आणि वेदनेनंतरच्या त्या फटीचें हें एकत्र झालेलें रूप म्हणावयास हरकत नाहीं.

भिक्षुसंघांत मद्यपानाचा निषेध कसा सुरू झाला याची कथा विनयपिटकांत आहे. सागत नांवाचा भिक्षु मोठा सिद्ध होता. जटिल तापसांच्या अग्निशाळेंत राहून त्यानें एका भयंकर नागास स्वतःच्या तेजानें निस्तेज केलें होतें. त्याची ख्याति कौशांबी नगरीस पोंचली. आर्यांस दुर्लभ असें काय अर्पण करावें, असें तेथील उपासकांनीं विचारलें, तेव्हां कांहीं खट्याळ भिक्षूंनीं एका नितळ मद्याचें नांव सुचविलें. सागत भिक्षेस निघाला तों घरोघर तें तयार! कोणी वाईट बुद्धीनें दिलें नाहीं. प्रत्येकानें भक्तीनें दिलें, आणि त्यानेंहि प्रत्येकाचें मन राखलें. नगराच्या वेशीपाशीं तो कोसळून पडला. बुद्धानें त्यास पाहिलें, भिक्षूंकडून उचलवून विहारांत आणविलें आणि आपल्याकडे डोकें करून निजविलें. शुद्ध नसलेला सागत कुशीवर वळला आणि त्याचे पाय बुद्धाकडे झाले. भिक्षु घाबरले. बुद्धानें त्यांस इतकेंच विचारलें कीं, हा पूर्वीं तथागताविषयीं आदर बाळगीत असे कीं नाहीं? भिक्षु म्हणाले, बाळगीत असे. आतां बाळगतो काय? नाहीं. ज्यानें नागास जिंकलें तो आज पाण्यांतल्या साध्या सापाशीं तरी लढूं शकेल काय? नाहीं, भगवन्.

त्यानंतर मद्य पिण्यास मनाई करणारा नियम घालण्यांत आला. पण तो कोणत्या वर्गांत घातला हें पाहण्यासारखें आहे. संघांतून कायमचें काढून टाकण्याचे जे चार अपराध आहेत त्यांत तो नाहीं. तो 'पाचित्तिय' वर्गांत आहे: दुसऱ्या भिक्षूपुढें जाऊन, झालें तें उघड सांगावयाचें, आणि पुन्हा संघांत बसावयाचें. सागतास कोणी हांकलून दिलें नाहीं. अंगुत्तरनिकायांत बुद्धाच्या अग्रगण्य शिष्यांची एक यादी आहे. कोणता शिष्य कोणत्या गुणांत पहिला हें तिच्यांत सांगितलें आहे. तेजोधातूंत कुशल असलेल्यांमध्यें पहिला म्हणून तेथें सागताचें नांव आहे. कौशांबीच्या वेशीचा उल्लेख त्या यादींत नाहीं.